एरोबिक डायजेस्टर नीट चालत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मुख्य वायुवीजन टाकीकडे सर्वांचे लक्ष असते, पण तिच्यातून काढलेला जादा गाळ ज्या टाकीत हवा देऊन पचवला जातो ती टाकी, म्हणजे एरोबिक डायजेस्टर, पुष्कळ ठिकाणी निव्वळ साठवणीची जागा समजली जाते. गाळ येतो, हवा चालू असते, टाकी भरली की गाळ बाहेर काढला जातो, एवढ्यावर काम भागवले जाते. मग काही बिघडले की पहिला हात हवा पुरवणाऱ्या ब्लोअरच्या वॉल्व्हकडे जातो. पुढील उत्तरांत माझा आग्रह एकच आहे: हवा वाढवण्यापूर्वी टाकीत गाळ किती, कसा आणि कधी जातो आहे हे पाहावे, कारण डायजेस्टरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्याच्या खुराकात असते.

एरोबिक पचनात नेमके काय घडते?

या टाकीत सूक्ष्मजीवांना मुद्दाम उपाशी ठेवलेले असते. बाहेरचे अन्न संपले की ते आपल्याच पेशींतील द्रव्य जाळून जगतात, आणि मेलेल्या पेशींतून जे बाहेर पडते ते उरलेले जीव खातात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि अमोनिया तयार होतो व गाळाचे वजन घटते. 1 किलो पेशीद्रव्य जाळायला सुमारे 1.42 किलो प्राणवायू लागतो. सुटलेल्या अमोनियाचे पुढे नायट्रेट झाले तर ही गरज जवळजवळ 2 किलोवर जाते. पेशीचा साधारण 75 ते 80 टक्के भागच असा जळू शकतो आणि उरलेला भाग कितीही हवा दिली तरी तसाच राहतो.

प्राथमिक निवळण टाकीतला गाळही याच डायजेस्टरमध्ये सोडला जात असेल तर हिशेब बदलतो. त्या गाळात न खाल्लेले अन्न भरपूर असते, त्यामुळे जीव आधी वाढतात आणि नंतर उपाशी पडतात. म्हणून हवाही जास्त लागते आणि दिवसही.

उपकरणे हाती नसताना टाकीची प्रकृती कशी ओळखावी?

नाकाने आणि एका काचेच्या बरणीने बरेच कळते. चांगल्या चाललेल्या टाकीचा रंग गडद तपकिरी असतो आणि वास ओल्या मातीचा येतो. पृष्ठभाग सर्वत्र सारखा उसळत असावा. एखादा कोपरा शांत असेल आणि दुसरीकडे मोठा उकळा फुटत असेल, तर खाली हवेचे बुडबुडे सोडणारा डिफ्यूझर बुजला आहे किंवा पाइप फुटला आहे असे समजावे. 1 लिटर नमुना बरणीत घेऊन अर्धा तास खिडकीपाशी ठेवावा. गाळ खाली बसताना वरचे पाणी गढूळ राहिले, तर गाळाचे पुंजके फुटून बारीक झाले आहेत. गाळ बसून काही वेळाने बुडबुड्यांसह वर आला, तर पाण्यात नायट्रेट बरेच आहे आणि हवा बंद होताच त्याचा नायट्रोजन वायू होतो आहे. नमुना काळा असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर टाकीच्या निदान काही भागात प्राणवायू पोहोचत नाही.

विरघळलेला प्राणवायू सतत 0.5 मिलिग्रॅमच्या खाली राहतो. ब्लोअर वाढवावा का?

लगेच वाढवू नये. दर लिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू ही या टाकीची सर्वसाधारण गरज आहे, आणि तो कमी दिसण्याची चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यांची तपासणी खर्चाच्या उलट क्रमाने, म्हणजे फुकटच्या गोष्टींपासून करावी.

सर्वांत आधी मोजणारा प्रोब स्वच्छ करून हवेत तपासावा. गाळाचा थर चढलेला प्रोब कमी आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर विसंबून कित्येक केंद्रांत विनाकारण वीज जळते.

त्यानंतर आकडा दिवसभर कसा वरखाली होतो ते पाहावे. मी पाहिलेल्या एका केंद्रात रोज सकाळी प्राणवायू शून्यावर जायचा आणि दुपारनंतर सावरायचा. ब्लोअर लहान पडतो अशी सर्वांची खात्री झाली होती आणि नव्या ब्लोअरची मागणीही लिहून तयार होती. लॉगबुक पाहिल्यावर कळले की दिवसभराचा जादा गाळ पहिल्या पाळीत एकाच दमात पंप केला जात होता. तोच गाळ चार हप्त्यांत विभागून सोडल्यावर आकडा दिवसभर 1 च्या वर राहू लागला. ब्लोअरला हातही लावावा लागला नाही.

तिसरी गोष्ट गाळाच्या दाटपणाची. घनपदार्थांचे प्रमाण 2.5 ते 3 टक्क्यांच्या वर गेले की गाळ पेजेसारखा घट्ट होतो, हवेचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व झपाट्याने वर निघून जातात, आणि हवा तेवढीच असूनही पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. घट्ट करण्याच्या यंत्रातून आलेला गाळ थेट डायजेस्टरमध्ये जात असेल तर हे कारण आधी पडताळावे. 1.5 ते 2 टक्क्यांच्या आसपासचा गाळ सांभाळायला सोपा असतो.

यानंतर ब्लोअरकडे वळावे, आणि तिथेही आधी दाबाचा काटा वाचावा. पाण्याच्या दर मीटर खोलीमागे सुमारे 9.8 किलोपास्कल दाब असतो. डिफ्यूझर 4.5 मीटर खोल असेल तर निव्वळ पाण्याचाच दाब सुमारे 44 किलोपास्कल होतो आणि पाइप, वॉल्व्ह व डिफ्यूझर यांचा थोडा दाब त्यात मिळतो. टाकीची पातळी तीच असताना काटा आठवड्यागणिक वर चढत असेल तर डिफ्यूझर बुजत आहेत. काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे, पट्टा घसरतो आहे किंवा हवा दुसऱ्या टाकीकडे जास्त जाते आहे. हवा आत घेण्याच्या तोंडावरचा फिल्टर किती दिवसांत साफ झालेला नाही, हेही विचारून घ्यावे.

प्राणवायू 5 किंवा 6 मिलिग्रॅम दिसतो. ही चांगली खूण आहे ना?

ही चांगली खूण नाही. टाकीत इतका प्राणवायू शिल्लक राहतो याचा अर्थ तो वापरणारे जीव कमी आहेत, मंदावले आहेत किंवा उपाशी राहून संपत आले आहेत. खुराक कमी पडणे, पाणी थंड असणे आणि एखादे विषारी द्रव्य आत आलेले असणे ही तीन कारणे आधी तपासावीत. विषारी द्रव्याचा संशय असेल तर मुख्य वायुवीजन टाकीतही त्याच सुमारास प्राणवायूची मागणी घटलेली दिसते.

जास्त हवेने वीज वाया जाते, शिवाय सततच्या घुसळणीने गाळाचे पुंजके फुटतात आणि पुढे गाळातून पाणी काढताना त्याची किंमत पॉलिमरच्या, म्हणजे गाळाचे पुंजके बांधणाऱ्या रसायनाच्या, रूपाने मोजावी लागते. मात्र हवा कमी करताना एक मर्यादा पाळावी. गाळ तरंगता ठेवण्यासाठी टाकीच्या दर घनमीटरला दर मिनिटाला साधारण 20 ते 40 लिटर हवा लागते, आणि पुष्कळदा प्राणवायूच्या गरजेपेक्षा मिसळण्याची हीच गरज मोठी ठरते. त्यापेक्षा खाली गेल्यास प्रोब उत्तम आकडा दाखवत राहतो आणि तळाशी गाळ सडत राहतो. अशा वेळी हवेचा जोर कमी करण्यापेक्षा हवा पूर्ण जोराने पण ठरावीक वेळाने बंद-चालू करणे अधिक योग्य असते.

टाकीला दुर्गंधी येऊ लागली आहे. काय करावे?

वास कुठून येतो हे आधी ठरवावे, कारण डायजेस्टरचा वास पुष्कळदा डायजेस्टरचा नसतोच. निवळण टाकीच्या तळाशी किंवा गाळ घट्ट करण्याच्या टाकीत गाळ जास्त वेळ पडून राहिला तर तो तिथेच सडतो आणि हवेच्या टाकीत आल्याबरोबर त्यातील हायड्रोजन सल्फाइड बुडबुड्यांसोबत बाहेर फेकला जातो. येणाऱ्या गाळाचा नमुना घेऊन त्याचा रंग पाहिला की हे लगेच समजते. तो काळा असेल तर दुरुस्ती तिकडे करावी.

येणारा गाळ ताजा असेल आणि तरीही वास येत असेल, तर टाकीवर भार जास्त आहे, हवा फार वेळ बंद ठेवली जाते आहे किंवा मृत कोपरे तयार झाले आहेत. अमोनियाचा तिखट वास वेगळा असतो. पीएच वर असताना आणि नायट्रेट तयार होण्याची क्रिया मंदावलेली असताना तो येतो.

फेस टाकीच्या काठावरून बाहेर येतो आहे.

फेसाचा रंग आणि घट्टपणा पाहिल्याशिवाय उपाय करू नये. पांढरा, हलका, पाण्याच्या फवाऱ्याने लगेच विरणारा फेस बहुधा जादा भारामुळे, साबणासारख्या द्रव्यांमुळे किंवा टाकी नव्याने सुरू केल्यामुळे येतो, आणि खुराक थोडा कमी केल्यावर काही दिवसांत ओसरतो. तपकिरी, चिकट, साईसारखा जाड थर मात्र तंतुमय जीवाणूंचा असतो. नोकार्डिया गटातील जीवाणू किंवा मायक्रोथ्रिक्स यांच्या पेशींना पाणी चिकटत नाही, त्यामुळे ते बुडबुड्यांना धरून वर येतात आणि तिथेच राहतात. खालचा गाळ बदलला तरी हा थर जुनाच राहतो, म्हणून निव्वळ पाणी मारून तो जात नाही. तो वरूनच काढून प्रक्रियेच्या बाहेर न्यावा लागतो. काढलेला थर पुन्हा केंद्राच्या सुरुवातीला सोडणे म्हणजे त्याच जीवाणूंची मुख्य टाकीत पेरणी करणे होय.

थरावर विरळ हायपोक्लोराइट फवारता येते, पण ते पृष्ठभागावरच राहील इतपतच वापरावे. फेस मारणारे रसायन रात्र निभावण्यापुरते ठीक आहे. खरी दुरुस्ती मुख्य वायुवीजन टाकीत, तेल-ग्रीस अडवण्यात आणि गाळाचे वय, म्हणजे तो तिथे सरासरी किती दिवस राहतो ते, आटोक्यात ठेवण्यात आहे. तात्पुरती सोय म्हणून टाकीची पातळी अर्धा मीटर खाली ठेवल्यास फेसाला जागा मिळते.

पीएच 5.5 पर्यंत उतरला आहे. चुना घालावा का?

चुना घालण्याआधी हा पीएच का उतरला ते समजून घ्यावे, कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात पीएच, वीज आणि नायट्रेट या तिन्हींची सोय दडलेली आहे. पेशी जळताना अमोनिया सुटतो आणि त्याबरोबर अल्कॅलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, वाढते: दर किलो नायट्रोजनमागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, सुमारे 3.57 किलो. त्याच अमोनियाचे नायट्रेट होताना 7.14 किलो अल्कॅलिनिटी खर्च होते. म्हणजे जमेपेक्षा खर्च बरोबर दुप्पट, आणि ही तूट साठू लागली की पीएच घसरतो. परंतु त्याच नायट्रेटचा प्राणवायूविना नायट्रोजन वायू झाला की 3.57 किलो परत मिळते आणि हिशेब जुळतो.

ही परतफेड घडवून आणण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. हवा काही वेळ बंद ठेवली की जीव नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा 1 तास हवा बंद ठेवून पाहावी, रोज पीएच मोजावा आणि वास येत नाही असे दिसल्यावर वेळ हळूहळू वाढवावी. संपूर्ण नायट्रेट असे मोडले गेले तर रासायनिक हिशेबाने प्राणवायूची गरजही सुमारे 18 टक्क्यांनी कमी होते. माझ्या मते, हवा बंद-चालू करण्याची सोय असलेल्या टाकीत रोजच्या रोज चुना घालणे हे मूळ काम टाळण्यासारखे आहे.

अर्थात पीएच 5.5 च्याही खाली जात असेल, काँक्रीट व लोखंड खराब होण्याची भीती असेल किंवा बुरशीसारखे तंतू वाढत असतील, तर तेवढ्यापुरता चुना किंवा सोडियम बायकार्बोनेट जरूर वापरावे. चुना एकदम न ओतता पाण्यात कालवून, चालू हवेत, थोडाथोडा सोडावा.

हवा बंद करून वरचे पाणी काढताना गाळच वर येतो.

गाळाला निवळायला वेळ कमी पडतो आहे असे समजून हवा आणखी बंद ठेवली जाते आणि तक्रार आणखी वाढते, असे नेहमी दिसते. बहुतेक वेळा कारण वर सांगितलेले नायट्रेटच असते. नायट्रोजनचे बुडबुडे बसलेला गाळ उचलतात. अशा वेळी पाणी काढण्याच्या आधीच हवा बंद-चालू करून नायट्रेट खर्ची पाडावे, शेवटी थोडा वेळ हवा देऊन अडकलेले बुडबुडे झटकून टाकावेत आणि मग निवळायला ठेवावे. गाळ 2 टक्क्यांपेक्षा दाट असेल तर तो फारसा निवळणारच नाही. तिथे वाट पाहण्यात अर्थ नसतो.

काढलेले पाणी केंद्राच्या सुरुवातीला सोडल्यावर मुख्य प्रक्रिया बिघडते. असे का होते?

पेशी फुटल्या की त्यांतील नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात उतरतो. हे पाणी प्रमाणाने थोडे असले तरी त्याचा भार मोठा असतो. ते एकदम न सोडता, सांडपाण्याचा ओघ कमी असताना, सावकाश सोडावे.

थंडीत पचन जवळजवळ थांबते. उपाय आहे का?

तापमान 10 अंशांनी उतरले की पचनाचा वेग साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हे. थंड हवामानात उपाय एकच असतो: गाळाला जास्त दिवस मिळवून देणे. त्यासाठी वरचे पाणी वेळेवर काढून गाळ थोडा दाट ठेवावा, म्हणजे त्याच टाकीत जास्त दिवसांचा गाळ मावतो. थंडी सुरू होण्याआधी टाकीतला जुना गाळ शक्य तितका बाहेर काढून जागा करून ठेवावी. पृष्ठभागावर पाणी उडवणाऱ्या एरेटरने पाणी जास्त गार होते, खालून दिलेल्या हवेने तुलनेने कमी. टाकीवर झाकण असल्यास उष्णता टिकते, कारण पचनाच्या क्रियेत स्वतःचीही थोडी उष्णता तयार होते.

किती दिवस पुरेसे, याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1993 च्या नियमांवरून, म्हणजे भाग 503 वरून, येतो. त्यांत रोगजंतू कमी करण्यासाठी 20 अंश सेल्सियसला 40 दिवस आणि 15 अंशांना 60 दिवस अशी मुदत दिलेली आहे.

बाष्पनशील घनपदार्थ 75 टक्क्यांवरून 65 टक्क्यांवर आले. म्हणजे पचन 10 टक्केच झाले का?

नाही, आणि या गैरसमजापायी चांगल्या चाललेल्या टाक्यांना नावे ठेवली जातात. बाष्पनशील घनपदार्थ म्हणजे भट्टीत 550 अंशांवर जळून जाणारा भाग. पचनात हा भाग घटतो, राख तेवढीच राहते, आणि त्यामुळे एकूण वजनही घटते. घटलेल्या वजनावर काढलेली टक्केवारी आधीच्या टक्केवारीतून सरळ वजा करता येत नाही. 100 किलो कोरडा गाळ घ्या: 75 किलो जळणारा, 25 किलो राख. बाहेर पडताना राखेचे प्रमाण 35 टक्के आहे आणि राख अजूनही 25 किलोच आहे, म्हणजे एकूण गाळ उरला सुमारे 71.4 किलो आणि त्यात जळणारा भाग 46.4 किलो. 75 पैकी 28.6 किलो गेले, म्हणजे घट 38 टक्के झाली. वर उल्लेखिलेल्या नियमांत माश्या व उंदीर आकर्षित होऊ नयेत म्हणून घालून दिलेली किमान घटही 38 टक्केच आहे.

हा हिशेब राख टाकीत साचत नाही असे धरून चालतो. तळाशी रेती बसत असेल तर तो चुकतो. शिवाय मुख्य टाकीत गाळ आधीच फार जुना होत असेल, तर डायजेस्टरमध्ये 38 टक्के घट होणे शक्यच नसते, कारण जळण्याजोगा भाग आधीच जळून गेलेला असतो. तिथे टाकीला दोष देऊ नये आणि पुढील चाचणी करावी.

गाळ पुरेसा स्थिर झाला की नाही, हे लवकर कसे तपासावे?

गाळ किती वेगाने प्राणवायू खातो ते मोजावे. टाकीतून ताजा नमुना घेऊन, अर्ध्या भरलेल्या बाटलीत जोराने हलवून त्यात हवा मिसळावी, 300 मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ भरावा, आत बुडबुडा राहू न देता प्रोब बसवावा, ढवळणी चालू करावी आणि दर मिनिटाला आकडा लिहावा. समजा 10 मिनिटांत आकडा 7.2 वरून 4.2 वर आला, तर दर लिटरमागे तासाला 18 मिलिग्रॅम प्राणवायू खर्च झाला. नमुन्यात दर लिटरला 15 ग्रॅम घनपदार्थ असतील तर दर ग्रॅममागे तासाला 1.2 मिलिग्रॅम होतात. 20 अंश तापमानाला ही संख्या 1.5 किंवा त्याहून कमी असली की त्याच नियमांनुसार गाळ स्थिर मानला जातो. तापमान वेगळे असल्यास दुरुस्ती करावी लागते आणि 2 टक्क्यांपेक्षा दाट गाळाला ही चाचणी लागू होत नाही. नमुना तासभर टेबलावर ठेवून मग मोजू नये. तेवढ्यात गाळाची भूक बदलते.

पचलेल्या गाळातून पाणी निघत नाही आणि पॉलिमर खूप लागते.

एरोबिक पचनाचा हा जुना दोष आहे. पेशी फुटून बाहेर आलेली प्रथिने व शर्करा पाणी धरून ठेवतात, आणि दीर्घ वायुवीजनाने पुंजके बारीक होतात. पचन अपुरे झाल्यासही हाच त्रास होतो, म्हणून आधी प्राणवायू खाण्याच्या वेगाची वरील चाचणी करून आपण अलीकडे आहोत की पलीकडे ते ठरवावे. वेग फारच कमी आला असेल तर गाळ जास्त दिवस ठेवला जातो आहे. तो लवकर काढावा आणि हवेचा जोर कमी करावा. पॉलिमर बदलण्यापूर्वी बरणीत तीन-चार मात्रा देऊन पाहाव्यात. गाळ उपसण्याच्या पंपाने पुंजके तुटत आहेत का, हेही त्याच वेळी, पंपाच्या आधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी ठेवून पाहावे.

वीज गेल्यामुळे हवा बराच वेळ बंद होती. पुन्हा कशी सुरू करावी?

वॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि त्या वेळी टाकीच्या काठावर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला कोणालाही उभे राहू देऊ नये. साचलेला हायड्रोजन सल्फाइड पहिल्या काही मिनिटांतच मोठ्या प्रमाणात सुटतो, आणि जास्त प्रमाणात असल्यास त्याचा वास येईनासा होतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. वायू मोजणारे उपकरण जवळ असावे. हवेने उसळणाऱ्या पाण्याची घनता कमी असल्यामुळे त्यात पडलेला माणूस नीट तरंगू शकत नाही. कठड्याबाहेर वाकून नमुना घेण्याची सवय याच कारणासाठी मोडावी; लांब दांड्याचे भांडे वापरावे.

टाकी उसळू लागली की पृष्ठभागाचे निरीक्षण करावे, कारण बंद काळात तळाशी बसलेल्या गाळाने काही डिफ्यूझर बुजलेले असतात. त्या वाहिन्यांकडे काही मिनिटे जादा हवा वळवून त्या मोकळ्या कराव्यात. प्राणवायू 1 मिलिग्रॅमवर स्थिर होईपर्यंत नवा गाळ आत घेऊ नये.

एखादा बदल केल्यावर परिणाम किती दिवसांनी दिसतो?

प्राणवायूचा आकडा काही तासांत बदलतो आणि पीएच काही दिवसांत. फेस आणि गाळाची स्थिरता मात्र टाकीत गाळ जितके दिवस राहतो तितक्या दिवसांनीच खरी कळते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि तो कोणत्या दिवशी, किती केला हे पाळीच्या वहीत लिहावे. 20 दिवसांच्या टाकीत तिसऱ्या दिवशी निष्कर्ष काढून दुसरा बदल केला, तर पुढे जे घडेल त्याचे श्रेय किंवा दोष कोणत्या बदलाला द्यायचा हे सांगता येत नाही.